खोटं कोण ठरवणार? : एका फॉरवर्डचा अभ्यास



'मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना,' असं संपादक मंडळातली सीनियर म्हणाली, तेव्हा मी आधी हसलेच. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की दंड! घरी मराठी, शाळेत इंग्लिश आणि कॉलेजात दोन्हींची खिचडी. त्यामुळे 'न' आणि 'ण'चा गोंधळ आजही होतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि विषयाकडे बघा, ही पहिली विनंती.

विषय वादविवाद स्पर्धेतला आहे : 'सोशल मीडियावरच्या खोट्या माहितीवर सरकारने नियंत्रण आणावे की नाही?' स्पर्धेत मी विरोधी बाजूने बोलले होते. 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य' हा शब्द तीन मिनिटांत बहुतेक नऊ वेळा वापरला. बक्षीसही मिळालं. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी जे घडलं, त्यामुळे मला हा विषय पुन्हा पहिल्यापासून अभ्यासावा लागला.

आधी माझा गुन्हा

मागच्या वर्षी, एस.ई.ला असताना, एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या मोबाईलवर एक परिपत्रक आलं. 'काही अपरिहार्य कारणास्तव उद्याचा पेपर पुढे ढकलण्यात येत आहे.' सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. माझी तयारी शून्य होती, त्यामुळे मला ते खरंच वाटलं! (खोटी माहिती बहुतेक वेळा आपल्या इच्छेचाच हात धरून येते, हे तेव्हा कळलं नाही.) मी ते क्लासच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, 'कन्फर्म!!'

ते दोन वर्षांपूर्वीचं जुनं परिपत्रक होतं. कुणीतरी तारीख बदलली होती. संध्याकाळी कॉलेजची सूचना आली की पेपर ठरल्याप्रमाणेच होणार. आम्ही होस्टेलवाल्या रात्रभर जागलो आणि पेपर दिला.

माझी रूम पार्टनर मात्र साक्री तालुक्यातल्या तिच्या गावी गेली होती. आजोबांचं वर्षश्राद्ध होतं. माझा मेसेज तिला दुपारी धुळ्याच्या स्टँडवर मिळाला. ती परतीच्या एस.टी.त बसायला निघाली होती, पण पेपरच नाही म्हटल्यावर मागे फिरली. गावात रेंज नाही. संध्याकाळची सूचना तिने वाचली दुसऱ्या दिवशी सकाळी, पेपर सुरू झाल्यावर.

मार्कशीटवर 'गैरहजर' आलं. ए.टी.के.टी. लागली.

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, 'जाऊ दे गं. आमच्याकडे एका मेसेजची याहून मोठी किंमत दिलीय लोकांनी.' कुठली किंमत, ते मला माहीत नव्हतं. ते शोधताना हा लेख तयार झाला.

राईनपाडा, १ जुलै २०१८

राईनपाडा हे धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं छोटं आदिवासी गाव. १ जुलै २०१८ रोजी रविवार होता, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे काही लोक तिथे आले. हा भटका समाज, भिक्षा मागत गावोगाव फिरणारा. यातली बहुतेक मंडळी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. त्या दिवसांत मोबाईलवर 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते. लोकांना संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे मारहाण करून पाच जणांना ठार केलं.

त्याच रात्री मालेगावात याच अफवेतून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, त्यात एक लहान मूल होतं. तिथे पोलीस वेळेवर पोचले आणि सगळे वाचले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकाची गोष्ट ऐका. मोटरसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात. अंगावर काटा येतो. पण तो व्हिडिओ भारतातला नव्हताच. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करायला तो बनवला होता. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. बस्स, एवढंच! एकही चित्र खोटं नव्हतं. फक्त शेवटचे काही सेकंद नव्हते.

त्रिपुरामधली गोष्ट तर आणखी भयंकर. जून २०१८ मध्ये, अफवांवर विश्वास ठेवू नका असं गावोगाव लाऊडस्पीकरवरून सांगायला सरकारने एका माणसाला नेमलं होतं. जमावाने त्यालाच ठार केलं.

हे वाचल्यावर माझं बक्षीसपात्र भाषण मला आठवेना.

तीन गोष्टी वेगळ्या करू

प्रश्न सोडवण्याआधी 'दिलेले' आणि 'काढायचे' लिहावं, असं आमचे गणिताचे सर सांगतात. म्हणून आधी व्याख्या.

एक, चुकीची माहिती. सांगणाऱ्याला ती खरी वाटते. उदाहरणार्थ, मी.

दोन, बनावट माहिती. ती खोटी आहे हे बनवणाऱ्याला माहीत असतं. उदाहरणार्थ, तारीख बदलणारा किंवा व्हिडिओचा शेवट कापणारा.

तीन, मत, विनोद, टीका, अंदाज. हे खरं-खोटं या मापात बसतच नाही.

कायदा करताना हे तीन खण वेगळे राहिले नाहीत तर काय होतं, ते आपल्याच राज्यात घडून गेलंय.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने या बंदबद्दल फेसबुकवर आपलं मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. दोघी विशीतल्या, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या! एकीचा गुन्हा काय, तर मत. दुसरीचा काय, तर अंगठा! पुढे गुन्हा मागे घेतला गेला. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ वापरलं होतं. 'त्रासदायक', 'अत्यंत आक्षेपार्ह' असे रबरासारखे ताणता येणारे शब्द आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलमच घटनाबाह्य ठरवलं. कारण घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर बंधनं घालायची जी कारणं दिली आहेत (सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे), त्यांत 'कुणाला त्रास झाला' हे कारण नाही. 'खोटं आहे' एवढंच कारणही त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा. खोटं बोलणं वाईट, पण प्रत्येक खोटं हा गुन्हा नाही.

मग सरकारने काहीच करू नये?

इथे मी माझ्या ब्रँचचा आधार घेते. ई अँड टीसीवाल्यांना बार्कहाउसेनचा निकष पाठ असतो. इतरांसाठी थोडक्यात : अॅम्प्लिफायरचं आउटपुट फिरवून पुन्हा इनपुटला दिलं आणि एका फेरीतली एकूण वाढ, म्हणजे लूप गेन, एकापेक्षा जास्त असली, तर बारीकसा आवाजही वाढत जातो. गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर नेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते ना, तीच ही. गेन एकापेक्षा कमी असला तर तोच आवाज आपोआप विरून जातो.

अफवाही अशीच. एका माणसाने ग्रुपवर टाकलं की वाचणाऱ्यांपैकी काही जण ते पुढे पाठवतात.

समजा, मेसेज वाचणाऱ्या हजार माणसांमागे एकच तो पुढे पाठवतो. (हा आकडा मी हिशेबासाठी गृहीत धरलाय.) २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये जास्तीत जास्त २५६ जण असत. सगळे ग्रुप भरलेले धरू.

एका वेळी २० ग्रुपना पाठवता आलं तर २० × २५६ = ५१२० वाचक. हजारात एक म्हणजे गेन ५.१२.

एका वेळी ५ ग्रुपना पाठवता आलं तर १२८० वाचक. गेन १.२८.

फक्त एकाच ग्रुपला पाठवता आलं तर २५६ वाचक. गेन ०.२५६.

आता पाच फेऱ्या करा. पहिल्यात एका माणसापासून ३५०० च्या वर पाठवणारे तयार होतात. दुसऱ्यात साडेतीनच्या आत. तिसऱ्यात अफवा मेली! आणि गंमत बघा, या हिशेबात मेसेज खरा की खोटा हे आपण कुणाला विचारलंच नाही. कुणाची पोस्ट काढली नाही, कुणाला अटक केली नाही. फक्त गेन कमी केला.

हे नुसतं माझं वहीतलं गणित नाही. राईनपाड्याच्या घटनेनंतर लगेच केंद्र सरकारने व्हॉट्सअॅपला जाब विचारला. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीच्या खटल्यात सरकारांना कडक निर्देश दिले. त्याच जुलैत कंपनीने मेसेजवर 'फॉरवर्डेड' असं लेबल लावलं आणि भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा आणली. तेव्हा भारताबाहेर ती २० होती. जानेवारी २०१९ मध्ये पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या अफवांच्या काळात, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं ठरलं. त्यानंतर असे मेसेज सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले, असं कंपनीनेच सांगितलं.

याचा अर्थ काय? एक, मशीनमध्ये बदल करता येतो. दोन, तो माणसं मेल्यावर आणि सरकारने डोळे वटारल्यावर झाला. 'कंपन्या आपणहून सुधारतील' हे माझं स्पर्धेतलं वाक्य इथेच निकालात निघालं.

अजून एक. २०२२ मध्ये ग्रुपची कमाल संख्या आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. माझ्या गृहीतकाने मांडा : एकच ग्रुप, १०२४ वाचक, हजारात एक. गेन १.०२४! म्हणजे एका हाताने कमी केलेला गेन दुसऱ्या हाताने परत एकाच्या वर. प्रत्यक्षात सगळे ग्रुप भरलेले नसतात आणि सगळे वाचतही नाहीत, मान्य. पण असा बदल करण्याआधी कुणी हा हिशेब तपासला का, हे विचारायचा हक्क कुणाला तरी हवा. पुलावरचा भार वाढवायचा तर सिव्हिलवाल्यांना तपासणी करावी लागते. मग इथेच सूट का?

सरकारच परीक्षक झालं तर?

२०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची कुठली माहिती 'खोटी, बनावट किंवा दिशाभूल करणारी' आहे, हे सरकारचाच तथ्य तपासणी कक्ष ठरवणार होता. त्याने शिक्का मारल्यावरही मजकूर ठेवला, तर कंपनीचं कलम ७९ चं कायदेशीर कवच धोक्यात. (लोकांनी काय लिहिलं त्यासाठी मंचाला जबाबदार न धरण्याचं हे कवच.) कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मार्चमध्ये कक्षाची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य असल्याचं मत दिलं आणि ती रद्द झाली.

आपल्या भाषेत सांगायचं तर, आपलाच पेपर आपण तपासायचा आणि रीचेकिंगही आपल्याकडेच! सरकार कुठल्याही पक्षाचं असो, हा मोह कुणालाही व्हावा असाच आहे.

बाहेरच्या देशांतही हा पेच आहे. जर्मनीने २०१७ च्या कायद्यात उघड बेकायदा मजकूर २४ तासांत काढायचं बंधन घातलं आणि दंड ५ कोटी युरोपर्यंत ठेवला. त्यावर टीका अशी झाली की दंडाच्या भीतीने कंपन्या निर्दोष मजकूरही काढून टाकतील. सिंगापूरच्या २०१९ च्या कायद्यात तर मंत्रीच एखादं विधान खोटं ठरवून दुरुस्ती लावायचा आदेश देऊ शकतो. कोर्टात नंतर जायचं. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला. त्याचा रोख वेगळा आहे : मोठ्या कंपन्यांनी आपल्या यंत्रणेतून समाजाला कोणते धोके होतात ते तपासावेत, ते कमी करावेत, बाहेरच्यांकडून ऑडिट करून घ्यावं; नाहीतर जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. मला हा रस्ता गेन तपासण्याच्या जास्त जवळचा वाटतो.

आणि 'पहिला पाठवणारा शोधा' हा उपाय? आपल्या २०२१ च्या नियमांत गंभीर गुन्ह्यांसाठी तशी तरतूद आहे आणि व्हॉट्सअॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. एक शोधायचा तर प्रत्येकाच्या मेसेजवर खूण ठेवावी लागेल, म्हणजे कूटबद्धतेचं कुलूप सगळ्यांचंच ढिलं होणार, हा त्यातला मुद्दा. शिवाय कराचीच्या व्हिडिओचा मूळ कर्ता शोधलात तर सापडेल कोण? मुलांचं भलं चिंतणारी संस्था!

माझं उत्तर

थोडक्यात काय, तर मी आता पूर्ण विरोधी बाजूला नाही आणि पूर्ण बाजूनेही नाही. माझं उत्तर असं :

१. सरकारने मशीनवर नियम करावेत, वाक्यांवर नाही. फॉरवर्डची मर्यादा, ग्रुपचा आकार, वेगाने पसरणाऱ्या मेसेजवरची खूण, आणि या सगळ्याचं स्वतंत्र ऑडिट.

२. हिंसेला चिथावणी देणाऱ्या खोट्यासाठी कायदा आहेच (भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३). तो मुद्दाम करणाऱ्याला लावावा, भोळेपणाने फसलेल्याला नाही.

३. स्वतःबद्दलची माहिती खरी की खोटी, याचा निकाल सरकारने देऊ नये. पोस्ट काढायची तर कारण लेखी हवं आणि कोर्टाचा दरवाजा उघडा हवा.

४. सरकारने खरी माहिती लवकर, मराठीत, अहिराणीत, पावरीत, जिथे जी बोलतात त्या भाषेत पोचवावी. मालेगावात माणसं वाचली ती पोलीस वेळेवर पोचले म्हणून.

हे सगळं मी माझ्या रूम पार्टनरला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, 'छान आहे. पण यातल्या कुठल्या नियमाने माझा पेपर वाचला असता?'

मी गप्प. एकच ग्रुप, साठ मुलं. कुठलीही मर्यादा ओलांडली नव्हती. कंपनीचा दोष नाही, सरकारचा नाही. मी शिक्षेला पात्र होते का? माझ्या नियम क्रमांक दोनप्रमाणे नाही.

'एक विचारू?' ती म्हणाली. 'संध्याकाळी खरं कळल्यावर तू काय केलंस?'

मी मेसेज डिलीट केला होता. 'डिलीट फॉर एव्हरीवन.' लाज वाटली म्हणून. तिने तो आधीच वाचला होता. सकाळी डोंगरावर जाऊन रेंज मिळाली, तेव्हा तिला ग्रुपवर दिसलं ते एवढंच की माझा एक मेसेज काढून टाकलाय. का काढला, ते कुठेच नाही. कॉलेजची सूचना खाली पन्नास मेसेजनंतर. तिच्या घरी लँडलाइन आहे. नंबर माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला होता. एक फोन केला असता तर ती रात्रीच्या गाडीने आली असती.

खोटं पाठवायला मला पाच सेकंद लागले आणि 'चुकलं' म्हणायला एक वर्ष. व्हिडिओचा शेवट कापणाऱ्याला मी वर नावं ठेवली; मीही माझ्या मेसेजचा शेवट कापलाच होता.

म्हणून पाचवा मुद्दा कुठल्याही सरकारला उद्देशून नाही. तो माझ्यासाठी आहे, पटला तर तुमच्यासाठी : जिथे चूक पाठवली, तिथेच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती पाठवायची. नुसतं पुसून टाकायचं नाही. ज्याचं नुकसान होणार आहे त्याला फोन करायचा.

तेव्हा क्लासमेट्स, थोडं उशिरा झालं, पण कन्फर्म : ते परिपत्रक खोटं होतं आणि ते मी टाकलं होतं.

ता. क. : तिने एम-थ्री या वर्षी सोडवला. मी तिच्याबरोबर रात्रभर बसून पुन्हा लाप्लास केला. तिला माझ्यापेक्षा सात मार्क जास्त मिळाले!